दहापैकी आठ : ऑसेल्टामिविरचा एक पेपर वाचताना

माझ्या पीएच.डी.च्या सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर एक वाक्य होतं : "न्युरामिनिडेज हे एन्झाइम रोखणारी औषधं इन्फ्लुएन्झामुळे होणारे खालच्या श्वसनमार्गाचे उपद्रव निम्म्याहून कमी करतात." पुढे संदर्भ, कायझर आणि सहकारी, २००३. वाक्य छान होतं, संदर्भ नावाजलेल्या जर्नलचा होता, आणि शेकडो लोकांनी तो आधी वापरलेला होता. मी निर्धास्त होते.

मॅडमनी त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि विचारलं, "ह्या दहा चाचण्या कोणत्या?"

"मॅडम, पेपरमध्ये आहेत ना."

"पेपर तू वाचलास. चाचण्या वाचल्यास का?"

नव्हत्या वाचल्या. आणि नंतर शोधायला गेले तेव्हा कळलं की वाचायच्या म्हटल्या तरी त्या काळी वाचता आल्या नसत्या. दहापैकी आठ कुठल्याही जर्नलमध्ये पूर्ण स्वरूपात छापूनच आलेल्या नव्हत्या. आज तुम्हाला ह्याच पेपरबद्दल सांगायचं आहे. नेट-सेटची तयारी करणाऱ्या, पेट देणाऱ्या किंवा नुकतंच 'लिटरेचर रिव्ह्यू' नावाचं प्रकरण अंगावर घेतलेल्या तुम्हा सगळ्यांना हा पेपर एकदा हाताळायला मिळावा, असं मला मनापासून वाटतं.

आधी एन्झाइमचं थोडं बघू, कारण ह्या गोष्टीतली केमिस्ट्री खरोखरच सुंदर आहे आणि त्या सुंदरपणामुळेच आपण फसतो. (शाळेच्या पुस्तकात ज्याला विकर म्हणतात तेच हे. लॅबमध्ये विकर म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.) इन्फ्लुएन्झाच्या विषाणूवर दोन महत्त्वाची प्रथिनं असतात. हिमॅग्लुटिनिन आपल्या पेशीवरच्या सायलिक आम्लाला धरतं आणि विषाणू आत शिरतो. आत त्याच्या प्रती तयार होतात आणि बाहेर पडायला लागतात. आता पंचाईत अशी की बाहेर पडणारा नवा विषाणूसुद्धा त्याच पेशीवरच्या सायलिक आम्लाला चिकटून बसणार. तिथं न्युरामिनिडेज कात्रीचं काम करतं. सायलिक आम्ल कापून टाकतं आणि विषाणू मोकळा होतो. एच१एन१मधला 'एन' तो हाच. ही कात्री अडकवून ठेवली तर नवे विषाणू पेशीच्या दारातच एकमेकांना चिकटून राहतात.

कात्रीचा आकार १९८३ साली ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी एक्स-रे क्रिस्टलोग्राफीने उलगडला. मग त्या आकाराच्या खाचेत बसेल असा रेणू बनवणं सुरू झालं. आधी झानामिविर आलं, ते तोंडाने श्वासावाटे ओढायचं. मग गिलिअडमध्ये ऑसेल्टामिविर तयार झालं, रोशने ते टॅमीफ्लू ह्या नावाने बाजारात आणलं आणि १९९९ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. गोळी पोटात जाते ती निष्क्रिय एस्टरच्या रूपात, यकृतातलं एस्टरेज तो एस्टर तोडतं आणि मग औषध जागं होतं. म्हणजे एक एन्झाइम रोखायला आपलंच दुसरं एन्झाइम कामाला लावायचं! कच्चा माल होता शिकिमिक आम्ल, आणि ते बरंचसं यायचं चक्रफुलातून, म्हणजे आपल्या मसाल्याच्या डब्यातल्या बाद्यानमधून. (काढा करून प्यायला जाऊ नका. बाद्यान आणि टॅमीफ्लू ह्यांच्यामध्ये बऱ्याच रासायनिक पायऱ्या आहेत.)

एवढं सगळं नीट जुळलेलं दिसलं की मन पुढचं वाक्य स्वतःच पूर्ण करतं : एन्झाइम थांबलं, विषाणू थांबला, आजार थांबला, न्यूमोनिया टळला, माणूस वाचला. ह्यातली प्रत्येक पायरी वेगळी तपासावी लागते. मी पहिली तपासली होती आणि शेवटच्या पायरीवर जाऊन बसले होते.

आता पेपर. २००३ मध्ये 'आर्काइव्ह्ज ऑफ इंटर्नल मेडिसिन'मध्ये आलेला. दहा प्लासिबो-नियंत्रित चाचण्यांचा डेटा एकत्र केलाय, एकूण ३,५६४ माणसं. इन्फ्लुएन्झा निश्चित झालेल्यांमध्ये अँटिबायोटिक द्यावं लागलं असे खालच्या श्वसनमार्गाचे उपद्रव प्लासिबो गटात १०.३ टक्के, ऑसेल्टामिविर गटात ४.६ टक्के. म्हणजे ५५ टक्के घट. रुग्णालयात भरती १.७ टक्क्यांवरून ०.७ टक्क्यांवर, म्हणजे ५९ टक्के घट.

इथं थांबून माझ्याबरोबर एक गणित करा. ५९ टक्के ऐकलं की डोळ्यांपुढे निम्म्याहून जास्त रिकामा वॉर्ड येतो. पण १.७ मधून ०.७ वजा केले तर उरतो १. म्हणजे शंभर जणांना गोळ्या दिल्या तर एकाची भरती टळली. दोन्ही आकडे खरे आहेत, एकाच तक्त्यातले आहेत. फक्त सारांशात कोणता लिहायचा हे लेखकाने ठरवलं आणि सिनॉप्सिसमध्ये कोणता लिहायचा हे मी ठरवलं. मी ५५ उचलला. सोपा होता.

दुसरी गोष्ट मला तिसऱ्या वाचनात दिसली. उपद्रव मोजले कसे? ब्रॉन्कायटिस, न्यूमोनिया वगैरे एका टोपलीत आणि वर अट : अँटिबायोटिक दिलेलं हवं. अँटिबायोटिक देणं हा डॉक्टरांचा निर्णय आहे, फुफ्फुसाचा नाही. खोकला लांबला, रुग्ण काळजीत आहे, डॉक्टरांनी 'असू दे' म्हणून लिहून दिलं, तर तेही मोजलं जाणार. ताप एक दिवस लवकर उतरला तर तेवढ्यानेच काही चिठ्ठ्या कमी लिहिल्या जातील. त्यावरून न्यूमोनिया टळला असं म्हणता येत नाही. टोपलीत काय काय आहे हे पेपर लपवत नाही, बरं का. पद्धतीच्या भागात लिहिलेलंच आहे. आपण तो भाग सोडून सारांश वाचतो, त्याला पेपर काय करणार?

पण मुख्य दुखणं ह्याहून साधं आहे. दहापैकी फक्त दोन चाचण्या जर्नलमध्ये पूर्ण छापलेल्या होत्या. सहा लेखकांपैकी चार जण कंपनीचे कर्मचारी होते. ह्याचा अर्थ आकडे खोटे होते असा होत नाही, तसं कुणी सिद्धही केलेलं नाही. अर्थ एवढाच की बाहेरच्या माणसाला ते पडताळता येत नव्हते. शितावरून भाताची परीक्षा करायला हरकत नाही, पण शितं आपण काढलेली हवीत. इथं पातेल्यावर झाकण होतं आणि झाकणावरून दोन शितं पुढे केलेली होती.

हे सगळ्यात आधी जाहीरपणे कुणी विचारलं माहितीये? जपानमधले एक बालरोगतज्ज्ञ, केइजी हायाशी. जुलै २००९ मध्ये त्यांनी कॉक्रेनच्या आढाव्याखाली एक प्रतिक्रिया लिहिली. कॉक्रेनचे आढावे म्हणजे वैद्यकीय पुराव्यातलं सर्वात काटेकोर काम समजतात, आणि त्यांनीही उपद्रव कमी होतात हा निष्कर्ष ह्याच २००३ च्या पेपरवर टेकवला होता. हायाशींचा मुद्दा सरळ होता : आठ चाचण्या छापलेल्याच नाहीत, तर त्यांची विश्वासार्हता तुम्ही तपासली कशी? तपासली नव्हती. माझ्यासारखंच झालं होतं, फक्त त्यांच्या बाबतीत त्यावर देशांची धोरणं उभी होती.

जुलै २००९. तारीख लक्षात ठेवा. त्यानंतर काही आठवड्यांतच, ३ ऑगस्टला, भारतातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला. मी तेव्हा सहावीत होते. शाळा बंद, तोंडाला रुमाल आणि नायडू हॉस्पिटलबाहेरच्या रांगांचे फोटो रोज पेपरात. आमच्या सोसायटीत टॅमीफ्लू हा शब्द लहान मुलांनाही पाठ झाला होता. आई-बाबांनी मात्र कधी 'ह्याने नक्की काय होतं' असं विचारल्याचं आठवत नाही. विचारणार कुणाला? जगात ज्यांचं कामच ते विचारणं होतं, त्यांनाही प्रश्न नुकताच पडला होता.

पुढची गोष्ट लांब आहे, मी थोडक्यात सांगते. कॉक्रेनच्या गटाने डेटा मागितला. कंपनीने गोपनीयतेची अट घातली, ती गटाने नाकारली. डिसेंबर २००९ मध्ये त्यांनी आपला आधीचा निष्कर्ष मागे घेतला आणि 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने हे प्रकरण लावून धरलं. अखेर २०१३ मध्ये पूर्ण क्लिनिकल स्टडी रिपोर्ट हातात आले. हे रिपोर्ट म्हणजे जर्नलमधले दहा पानी पेपर नव्हेत, एकेक हजारो पानांचा असू शकतो. दरम्यान २००६-०७ ते २०१२-१३ ह्या काळात ब्रिटनने टॅमीफ्लूच्या साठ्यावर ४२ कोटी ४० लाख पौंड खर्च केले होते.

एप्रिल २०१४ मध्ये निष्कर्ष आले. ऑसेल्टामिविरच्या २० चाचण्या, ९,६२३ माणसं. मोठ्यांमध्ये लक्षणं कमी व्हायला ७ दिवस लागायचे ते ६.३ झाले. फरक १६.८ तासांचा. निरोगी मुलांमध्ये फरक थोडा जास्त, साधारण २९ तास, पण दमा असलेल्या मुलांमध्ये काही परिणाम दिसला नाही. रुग्णालयातली भरती कमी झाल्याचं दिसलं नाही. मळमळ आणि उलट्या मात्र वाढल्या. आणि न्यूमोनिया? हा भाग मला सगळ्यात आवडतो. ज्या चाचण्यांत 'न्यूमोनिया झाला' अशी नुसती नोंद होती, तिथे औषधाने तो कमी झाल्यासारखा दिसत होता. ज्या चाचण्यांत निदानाचे तपशील भरायचा सविस्तर फॉर्म होता, तिथे तो फरक टिकला नाही. फॉर्ममधले रकाने वाढले आणि परिणाम विरला! तुम्ही पुढेमागे कुठलाही डेटा गोळा कराल तेव्हा हे आठवा.

आणखी एक कडू गोष्ट. अमेरिकेच्या एफडीएने औषधाच्या लेबलवर पहिल्यापासून लिहून घेतलं होतं की जिवाणूंमुळे होणारे गंभीर उपद्रव ह्याने टळतात असं दाखवलं गेलेलं नाही. त्यांच्याकडे मूळ डेटा गेलेला होता. त्याच देशातली सीडीसी मात्र उपद्रव कमी होतात म्हणून २००३ च्या पेपरचा दाखला देत होती. लेबल सगळ्यांना फुकट वाचायला उपलब्ध होतं. मीही सिनॉप्सिस लिहिताना ते उघडलं नव्हतं. लेबल काय वाचायचं, आपण रिसर्च करतो, असा एक तोरा असतो ना, तो.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल की कॉक्रेन बरोबर, बाकी सगळे चूक. मलाही महिनाभर तसंच वाटत होतं आणि मी कॅन्टीनमध्ये टॅमीफ्लू म्हणजे पॅरासिटामॉलचा महागडा भाऊ, असं ठोकून सांगत होते. ते चूक होतं. कारण टीकाकारांच्या कामालाही छेद तपासावा लागतो.

छेद म्हणजे अंश-छेदातला छेद, कुणाला मोजलं तो आकडा. २०१५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये नऊ चाचण्यांच्या ४,३२८ जणांच्या वैयक्तिक नोंदी घेऊन पुन्हा विश्लेषण झालं. त्यात इन्फ्लुएन्झा निश्चित झालेल्यांमध्ये लक्षणांचा काळ १२२.७ तासांवरून ९७.५ तासांवर आला, अँटिबायोटिक लागलेले उपद्रव ८.७ वरून ४.२ टक्क्यांवर आणि भरती १.७ वरून ०.६ टक्क्यांवर. म्हणजे २००३ चंच चित्र परत. (खर्चाचे पैसे कंपनीच्या विनाअट अनुदानातून आले होते, हे पेपरमध्ये सांगितलेलं आहे.) कॉक्रेनने चाचणीत घेतलेल्या सगळ्यांना मोजलं होतं, लॅन्सेटवाल्यांनी मुख्य भर फक्त खरोखर इन्फ्लुएन्झा असलेल्यांवर दिला. ज्याला इन्फ्लुएन्झाच नाही त्याच्यावर हे औषध काम करणार नाही हे उघड आहे. एन्झाइमच नाही तर इनहिबिटर काय करेल? त्या बाजूने बघितलं तर दुसरा छेद योग्य वाटतो. पण दवाखान्यात डॉक्टरांपुढे ताप-खोकल्याचा माणूस येतो तेव्हा त्याच्या कपाळावर इन्फ्लुएन्झा लिहिलेलं नसतं, म्हणून पहिला छेद जास्त प्रामाणिक वाटतो. त्यात एक बारीक काटा आहे. चाचण्यांत कुणाला इन्फ्लुएन्झा होता हे ठरवताना अँटिबॉडी वाढल्या का हेही बघत. औषध घेतलेल्यांत अँटिबॉडीची वाढ थोडी कमी दिसते. मग औषध गटातले काही खरे रुग्ण 'इन्फ्लुएन्झा नाही' ह्या खान्यात गेले असतील आणि दोन गट आता सारखे राहिले नसतील. चिठ्ठ्या टाकून गट पाडल्यानंतर गाळणी लावली की असे प्रश्न येतातच.

२०२३ मध्ये 'जामा इंटर्नल मेडिसिन'मध्ये तिसरं विश्लेषण आलं. १५ चाचण्या, इन्फ्लुएन्झा निश्चित झालेले ६,२९५ बाह्यरुग्ण. म्हणजे छेद लॅन्सेटसारखा. निष्कर्ष मात्र भरतीच्या बाबतीत कॉक्रेनसारखा, लक्षणीय घट नाही. त्यामुळे घरी बसून बऱ्या होणाऱ्या माणसांपुरतं माझं मत आता असं आहे : साधारण एक दिवसाचा आराम खरा, भरती टळण्याचा दावा कच्चा.

आणि जे मुळातच गंभीर आजारी आहेत, आयसीयूत आहेत, त्यांचं काय? ह्या सगळ्या चाचण्या त्यांच्यावर झालेल्याच नाहीत. त्यांच्यासाठी आपल्याकडे प्रामुख्याने निरीक्षणात्मक अभ्यास आहेत. २००९ च्या साथीतल्या भरती झालेल्या २९,२३४ रुग्णांच्या नोंदींवरच्या अभ्यासात, दोन दिवसांच्या आत औषध सुरू केलेल्यांमध्ये मृत्यूची शक्यता उशिरा सुरू केलेल्यांच्या सुमारे निम्मी दिसली. आकडा मोठा आहे, पण लवकर औषध मिळालेला माणूस हा लवकर हॉस्पिटलला पोचलेला माणूसही असतो. लेखकांनी गणिताने हे सांभाळायचा प्रयत्न केलाय, तरी चिठ्ठ्या टाकून पाडलेल्या गटांची सर त्याला येत नाही. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या यादीत ऑसेल्टामिविर मुख्य यादीतून पूरक यादीत हलवलं आणि वापर भरती झालेल्या गंभीर रुग्णांपुरता ठेवला. गंमत बघा : ज्यांच्यावर चाचण्या झाल्या त्यांना त्याची फारशी गरज नाही, आणि ज्यांना गरज असू शकते त्यांच्यावर चाचण्या जवळजवळ नाहीत. तरीही डॉक्टरांनी तुम्हाला किंवा घरच्या म्हाताऱ्या माणसांना ते लिहून दिलं तर माझा ब्लॉग दाखवून वाद घालू नका. घ्या.

आता परत एन्झाइमकडे येते, कारण मूळ प्रश्न तिथला आहे. कात्री इतकी छान अडकते, तर माणसाला एकच दिवस का मिळतो? बालोक्साविर नावाचं नंतरचं औषध ह्यावर चांगला उजेड टाकतं. ते इन्फ्लुएन्झाचं दुसरंच एन्झाइम रोखतं, एंडोन्युक्लिएज. त्याशिवाय विषाणूला आपला संदेश-आरएनए बनवता येत नाही. २०१८ मध्ये त्याची मोठी चाचणी छापून आली. प्लासिबो गटात लक्षणं ओसरायला ८०.२ तास लागले, बालोक्साविर गटात ५३.७. ऑसेल्टामिविरशी तुलना केली तेव्हा ५३.५ विरुद्ध ५३.८, म्हणजे बरोबरी. पण विषाणूंचं प्रमाण? एका दिवसातच ते बालोक्साविरने ऑसेल्टामिविरपेक्षा खूप जास्त खाली आणलं. विषाणू कितीतरी लवकर घटला आणि माणूस तेवढ्याच वेळात बरा झाला! ताप, अंगदुखी, गळून जाणं हा बराचसा आपल्याच प्रतिकारशक्तीचा गोंधळ असतो, आणि आपण डॉक्टरकडे जातो तोवर विषाणूची चढण बहुतेक संपत आलेली असते. घोडे पळून गेल्यावर तबेल्याला कुलूप लावलं तर ते कितीही भारी कंपनीचं असो, फायदा मर्यादितच.

हे मी स्वतः इनहिबिटरवर काम करणारी मुलगी लिहितेय. माझ्या वहीत नॅनोमोलरचे आकडे भरलेत आणि ते बघून मला अजूनही गुदगुल्या होतात. पण प्लेटमधल्या विहिरीत एन्झाइम किती थांबलं आणि माणसाचं काय झालं, ह्यांच्यात जे अंतर आहे ते माझ्या पहिल्या पानावरच्या वाक्याने एका उडीत पार केलं होतं.

तुमच्यापैकी कुणी सध्या असाच रिव्ह्यू लिहीत असेल तर मी आता काय करते ते सांगते. एक्सेलमध्ये प्रत्येक एकत्रित विश्लेषणाच्या नावापुढे मी तीन रकाने ठेवते : आतल्या किती चाचण्या मी स्वतः उघडू शकले, मोजलं काय, आणि छेदात कोण होतं. पहिल्या रकान्यात कित्येकदा शून्य येतं. तेव्हा पेपर टाकून देत नाही, पण वाक्यात 'करतात'च्या जागी 'केल्याचा दावा आहे' येतं. रटाळ काम आहे, एका पेपरला कधी कधी अख्खी दुपार जाते.

सिनॉप्सिसमधलं वाक्य मी बदललं. "न्युरामिनिडेज रोखणारं ऑसेल्टामिविर बाह्यरुग्णांमध्ये इन्फ्लुएन्झाची लक्षणं थोड्या कालावधीने कमी करतं. गंभीर उपद्रव टळतात का, ह्याबद्दलचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत." आता संदर्भ एकाच्या जागी चार झाले. मॅडमनी वाचलं आणि 'थोड्या कालावधीने'खाली परत पेन्सिलीची रेघ मारली. समासात लिहिलं होतं : किती तास?